सीपचा गाळ हातात आला की आधी काय, मग काय

पहिल्यांदा कोल्ड सीपच्या (समुद्रतळातून वायू पाझरतो ती जागा) संशोधन क्रूझवर निघालेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच चित्र असतं, गाळ घ्यायचा, डीएनए काढायचा, सीक्वेन्सिंगला पाठवायचा आणि कोण कोण राहतंय त्याची यादी आली की काम फत्ते. माझ्याही डोक्यात हेच होतं. यादी आली, मस्त रंगीबेरंगी बार चार्ट पण झाला, आणि ग्रुप मीटिंगमध्ये कुणीतरी साधा प्रश्न विचारला की हा थर वरून किती सेंटीमीटरवरचा, आणि तिथे सल्फेट शिल्लक होतं का संपलं होतं, तर माझ्याकडे उत्तरच नाही, कारण गाळातलं पाणी काढलंच नव्हतं. आधी कळस मग पाया. तर हे जे लिहितेय ते त्या मीटिंगमध्ये बसलेल्या माझ्यासारख्यांसाठी. जहाज कसं मिळवायचं, परवानग्या कशा काढायच्या यात मी शिरत नाही, गाळ आणि त्यातले सूक्ष्मजीव, एवढंच.

खाली नक्की चाललंय काय

कोल्ड सीप म्हणजे समुद्रतळातल्या भेगांमधून मिथेन, कधी त्याच्यासोबत थोडं तेल, पाझरत वर येतं ती जागा. कोल्ड म्हणजे आजूबाजूच्या पाण्याइतकंच थंड, समुद्रतळातून तापलेलं पाणी फेकणाऱ्या व्हेंटशी गल्लत करू नका एवढंच त्या शब्दाचं काम. मेक्सिकोच्या आखातात फ्लोरिडा एस्कार्पमेंटच्या पायथ्याशी, सुमारे ३२०० मीटर खोल, अल्विन पाणबुडीतून गेलेल्या लोकांना शिंपले आणि नळीकिड्यांची दाट वस्ती दिसली, ते १९८४ मध्ये छापून आलं, आणि तिथून हा विषय सुरू झाला. पण आपल्याला शिंपल्यांशी फारसं देणंघेणं नाही, आपली मंडळी त्यांच्या खाली, काळ्या वास मारणाऱ्या गाळात.

तिथे मुख्य धंदा एकच. मिथेन खालून येतो, सल्फेट वरच्या समुद्राच्या पाण्यातून खाली उतरतं, आणि दोघं जिथे भेटतात तिथे आर्किया, म्हणजे बॅक्टेरियांसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले एकपेशी जीव, मिथेनचं ऑक्सिडेशन करतात, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या बॅक्टेरियाला देतात आणि तो बॅक्टेरिया त्यांच्या जोरावर सल्फेटचं सल्फाईड करून टाकतो. ऑक्सिजनचा पत्ता नाही. या आर्कियांना बोलताना सगळे ॲनमी (ऑक्सिजनशिवाय मिथेन खाणारे, याचं इंग्रजी लघुरूप) म्हणतात, त्यांचे १, २ आणि ३ असे गट आहेत, आणि जोडीदार बॅक्टेरियांना नुसतं एसआरबी, म्हणजे सल्फेट रिड्यूसिंग बॅक्टेरिया, म्हणायची पद्धत आहे. एक मोल मिथेनमागे या सगळ्यातून साधारण २० ते ४० किलोज्यूल सुटतात आणि तेवढ्याशा कमाईत दोन संसार चालवायचे असतात, त्यामुळे हे लोक भयानक हळू वाढतात, प्रयोगशाळेत दुप्पट व्हायला सुमारे सात महिने लागलेले आहेत. महिने म्हणतेय, तास नाही. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे बाटल्या लावताना उपयोगी पडेल.

आता एक गंमत, जी मला फार उशिरा कळली. मिथेन ऑक्सिजनशिवाय खाल्ला जातोय हे आधी सूक्ष्मजीववाल्यांनी सांगितलंच नाही. १९७० च्या दशकात रसायनवाल्यांनी गाळातलं पाणी थराथराने मोजलं तर दिसलं की वरून येणारं सल्फेट जिथे संपतं बरोबर तिथेच खालून येणारा मिथेन पण गायब होतो. म्हणजे कोणीतरी दोन्ही खातंय. जंतूवाल्यांना ते पटायला खूप वेळ लागला कारण असा जंतू कोणी वाढवून दाखवला नव्हता. मग १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या ईल रिव्हर बेसिनच्या गाळात आर्कियाचे असे लिपिड (पेशीच्या पडद्यातले स्निग्ध पदार्थ) सापडले की ज्यात कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा जड प्रकार, विलक्षण कमी, प्रतिहजार उणे १०० च्या आसपास आणि खाली, समुद्रातल्या साध्या प्लवकांचं ते उणे २० च्या आसपास असतं, आणि एवढा हलका कार्बन मिथेन खाल्ल्याशिवाय अंगात येत नाही. शेवटी २००० साली ओरेगनजवळच्या हायड्रेट रिजवरच्या गाळात अँटिए बोएटियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष पुंजके दाखवले, मध्ये साधारण शंभर आर्किया आणि भोवती दोनशेक सल्फेटवाले बॅक्टेरिया, फोटोत बघितलं तर लाल गोळ्याला हिरवं कवच. म्हणजे पाण्याच्या आकड्यांनी जे पंचवीस वर्षं आधी सांगितलं ते मायक्रोस्कोपने नंतर दाखवलं. म्हणून मी सारखी म्हणते, आधी पाणी, मग डीएनए.

जागा निवडताना पांढऱ्या रंगाला भुलू नका

सीप शोधायचं काम जहाजाचा इको साउंडर करतो, पाण्यातून वर जाणारे बुडबुडे स्क्रीनवर ज्योतीसारखे उभे दिसतात, त्यांना फ्लेअरच म्हणतात. फ्लेअर सापडला की आरओव्ही, म्हणजे जहाजावरून चालवायची बिनमाणसाची पाणबुडी, खाली पाठवायचा आणि मग पहिल्यांदा जे दिसतं त्याने सगळे वेडे होतात, काळ्या गाळावर पांढरीशुभ्र, कधी केशरी, दुलईसारखी पसरलेली मॅट. सगळे ओरडतात मिळाले मिळाले. थांबा. ती मॅट बहुतेक वेळा बेगियाटोआ जातीच्या लांब धाग्यांसारख्या बॅक्टेरियांची असते आणि ते मिथेन खात नाहीत, ते खालून येणारं सल्फाईड खातात, त्यासाठी ऑक्सिजन किंवा अंगात साठवलेलं नायट्रेट वापरतात, पांढरेपणा त्यांच्या पेशीतल्या गंधकाच्या कणांचा. म्हणजे मॅट ही पाटी आहे, दुकान खाली आहे. जिथे पाटी मोठी तिथे खाली सल्फाईड जोरात बनतंय एवढंच तिने सांगितलं.

आणि पाटी नसलेली जागा रिकामी असं पण नाही. बॅरेंट्स समुद्रातला हाकोन मॉस्बी हा चिखलाचा ज्वालामुखी, साधारण १२५० मीटर खोल, याचं उत्तम उदाहरण आहे. त्याच्या मधोमध चिखल आणि पाणी इतक्या जोरात वर येतं की सल्फेटला खाली शिरायला वावच मिळत नाही, त्यामुळे तिथे ॲनमीचं काही चालत नाही आणि अगदी वरच्या पातळ थरात ऑक्सिजन वापरणारे मिथेनखाऊ बॅक्टेरिया राहतात, वरून बघाल तर उघडाबोडका चिखल. त्याच्या बाहेरच्या कड्यात प्रवाह मंदावतो, तिथे बेगियाटोआची मॅट आणि तिच्याखाली ॲनमी-३. आणखी बाहेर गेलात की नळीकिडे, ते आपल्या बिळांतून समुद्राचं पाणी आत ओढतात म्हणून सल्फेट खोलवर पोचतं आणि ॲनमीचा थर पण तेवढाच खाली सरकतो. एकच ज्वालामुखी, तीन वेगळे मोहल्ले, आणि ठरवणारा फक्त पाण्याचा वेग.

त्यामुळे शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. किमान चार जागी कोअर, म्हणजे ट्यूब खुपसून काढलेला गाळाचा उभा नमुना, घ्या, मॅटच्या मधोमध, मॅटच्या काठावर, शिंपल्यांच्या पट्ट्यात, आणि सीपपासून बरंच लांब, जिथे साधा तळ आहे तिथे एक. शेवटची कोअर सगळ्यांना जिवावर येते कारण आरओव्हीचा वेळ सोन्यासारखा असतो आणि रिकामा चिखल घ्यायला कोण खर्च करणार, पण ती नसेल तर तुमच्याकडे तुलना करायला काहीच नाही. जमलं तर प्रत्येक जागी तीन कोअर, हाताच्या अंतरावर. हाताच्या अंतरावर पण त्या वेगळ्या निघतात, हे पण एक उत्तरच आहे.

कडक दिसणाऱ्या जागेवर ट्यूब मारू नका. ॲनमीच्या कामातून बायकार्बोनेट बनतं आणि त्यामुळे गाळात कार्बोनेटचे खडक तयार होतात, वर दोन सेंटीमीटर मऊ गाळ आणि खाली दगड, ट्यूब फुटते.

कोअर

सीपसाठी आरओव्हीच्या हाताने मारायची पुश कोअर सगळ्यात बरी, पारदर्शक ट्यूब, साधारण ३० सेंटीमीटर. ग्रॅव्हिटी कोअर, जी स्वतःच्या वजनाने गाळात रुतते, मीटरच्या मीटर आणते खरी पण सगळ्यात वरचे काही सेंटीमीटर उडवून लावते, आणि सीपवर सगळा खेळच त्या वरच्या दहा-वीस सेंटीमीटरमध्ये असतो. साध्या खंडकाठच्या गाळात सल्फेट आणि मिथेनची गाठ काही मीटर खाली पडते, जोरदार सीपवर तीच गाठ बोटभर खाली पडलेली असते.

आरओव्ही चालवणाऱ्या पायलटला सांगा हळू. ट्यूब सरळ, हळू, एका दमात आत गेली पाहिजे, वर काढल्यावर गाळाच्या डोक्यावरचं पाणी नितळ असलं पाहिजे. पाणी गढूळ म्हणजे वरचा थर ढवळला गेला, ती कोअर फेकायची नाही पण तिच्यावर वरच्या दोन सेंटीमीटरबद्दल काही बोलायचं नाही. ट्यूब मारायच्या आधी आणि काढल्यानंतर त्या जागेचा फोटो, वेळ, खोली, ट्यूबचा नंबर, हे सगळं आरओव्हीच्या कंट्रोल रूममध्ये बसून तुम्ही स्वतः लिहा, व्हिडिओत आहे की, नंतर बघू, असं म्हणणाऱ्याने तो व्हिडिओ नंतर कधीच बघितलेला नसतो.

डेकवरचा पहिला तास

कोअर उभीच्या उभी कोल्ड रूममध्ये, ४ अंशाला. आडवी करायची नाही, हलवायची नाही. आणि इथे दोन गोष्टी खरंच धोक्याच्या आहेत म्हणून जरा थांबून लिहिते.

एक म्हणजे गॅस हायड्रेट. गाळात बर्फासारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पाण्याच्या जाळीत अडकलेला मिथेन आहे, आणि एक घनमीटर हायड्रेट वितळलं की त्यातून सुमारे १६४ घनमीटर वायू निघतो. घट्ट बूच लावलेल्या ट्यूबमध्ये हे झालं तर बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. तोंड ट्यूबच्या वर न्यायचं नाही, बूच जरा सैल ठेवायचं, आणि ५ ते १५ टक्के मिथेन हवेत असला की तो पेटू शकतो, त्यामुळे बंद खोलीत ठिणगी उडणारं काही नको. दुसरं हायड्रोजन सल्फाईड. सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर सगळे विनोद करतात, पण प्रमाण वाढलं, शंभर पीपीएमच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, माणसाला वाटतं गेला वाटतं गॅस. म्हणून नाकावर विश्वास ठेवायचा नाही, छातीला सेन्सर लावायचा, एकट्याने कोल्ड रूममध्ये कोअर कापायची नाही.

आता क्रम. हा क्रम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे, यात तडजोड नको. आधी मिथेन, कारण तो उडून चाललाय. लगेच पोअरवॉटर, म्हणजे गाळाच्या कणांमधलं पाणी, कारण हवा लागली की सल्फाईड बिघडतं. मग डीएनएचा गाळ, मग मायक्रोस्कोपचा, आणि उरलेला इन्क्युबेशनला, म्हणजे बाटलीत जिवंत ठेवून बघायला.

हे सगळं एकाच कोअरमधून निघालं तर सोन्याहून पिवळं, कारण मग प्रत्येक थराचं पाणी आणि डीएनए एकाच ठिकाणचं. गाळ पुरत नाही म्हणून लोक शेजारच्या दोन कोअर घेतात, एक रसायनासाठी एक डीएनएसाठी, चालतं, पण मग दोन्हींचे थर एकमेकांवर जुळतील अशी आशा करू नका. मी आता डीएनएच्या कोअरमधून पण निदान सल्फेटपुरतं पाणी काढतेच.

लेबल. हसू नका. पेन्सिलीने किंवा इथेनॉलने न पुसणाऱ्या पेनने, ट्यूबवर आणि झाकणावर दोन्हीकडे, क्रूझ, डाइव्ह, कोअर, थर, आणि थर लिहिताना ४–६ सेमी असं पूर्ण लिहायचं, नुसतं ३ नंबर नाही. माझ्या एका सेटवर इथेनॉल सांडलं आणि अठरा ट्यूब अनामिक झाल्या, अठरा, त्यात कुठली वरची कुठली खालची सांगता येईना, आणि तो चिखल समुद्राच्या तळातून आणलेला होता, परत जाऊन आणता येत नाही.

मिथेन आणि पाणी

मिथेनसाठी टोक कापलेली सिरिंज घ्या, ट्यूबच्या बाजूला आधीच पाडून टेप लावलेल्या भोकांतून प्रत्येक थरातला ३ मिली गाळ ओढा आणि लगेच सीरम बाटलीत, ज्यात आधीच ५ मिली एक मोलर सोडियम हायड्रॉक्साईड घातलंय, जाड ब्यूटाइल रबरचं बूच, वर ॲल्युमिनियमची कॅप दाबायची, आणि जोरात हलवायची. क्षाराने जंतू मरतात, मिथेन खायचं थांबतं, आणि वायू वरच्या मोकळ्या जागेत येतो, तिथून पुढे गॅस क्रोमॅटोग्राफ, वायू वेगळे करून मोजणारं यंत्र.

पण त्या आकड्याकडे बघताना एक ध्यानात ठेवा. वर डेकवरच्या दाबाला पाण्यात जेमतेम दीड-दोन मिलिमोलर मिथेन मावतो. हायड्रेट रिजसारख्या ७८० मीटरवरच्या जागी दाब जवळजवळ ७८ पट, तिथे कितीतरी जास्त मिथेन विरघळलेला असतो आणि वर येता येता तो फसफसून निघून जातो, कोअरमध्ये भेगा आणि पोकळ्या दिसतात त्या त्याच्याच. त्यामुळे सगळ्या खोल थरांत दीड-दोन मिलिमोलर अशी सरळ रेघ आली तर खुश होऊ नका, तो सीपचा मिथेन नाही, तुमच्या डेकच्या दाबाचा मिथेन आहे. दाब कायम ठेवणाऱ्या कोअर असतात, पण त्या सगळ्यांच्या नशिबात नसतात. म्हणून खरा भरवसा सल्फेटवर, ते वायू नाही, पळून जात नाही.

पाणी काढायला रायझॉन वापरा, काडीसारखं सच्छिद्र नळकांडं, छिद्र ०.१५ मायक्रॉनचं, ते गाळात खुपसायचं आणि दुसऱ्या टोकाला सिरिंज ओढून अडकवायची, पाणी गाळूनच येतं. पहिला अर्धा-एक मिली टाकून द्या. मग पाण्याचे वाटे करा, सल्फाईडच्या वाट्यात आधीच झिंक ॲसिटेट घालून ठेवलेलं असलं पाहिजे, पाणी पडताच पांढरं दुधासारखं होतं, तो झिंक सल्फाईडचा साका, आता ते हवेने बिघडणार नाही. सल्फेटचा वाटा वेगळा, त्यातलं सल्फाईड आधी काढून टाकायचं, नाहीतर ते हळूहळू परत सल्फेट होतं आणि तुमच्या तळाच्या थरात अचानक सल्फेट उगवतं, मग माणूस नवीन शोध लागला म्हणून नाचतो. झिंकमध्ये बसवून गाळलेलं पाणीच सल्फेटला वापरलं तरी चालतं.

सल्फाईड मोजायला १९६९ पासूनची क्लाइनची मिथिलीन ब्लू पद्धत अजून झकास चालते, निळा रंग, ६७० नॅनोमीटरला वाचायचा. फक्त सीपच्या मॅटखाली सल्फाईड १० मिलिमोलरच्या वर सहज जातं, सरळ मोजलं तर शाई होते, भरपूर पातळ करा आणि किती पट केलं ते लिहा.

मग एक कागद घ्या, खरंच कागद, उभ्या अक्षावर खोली खाली जाणारी, आणि सल्फेट, सल्फाईड काढा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट साधारण २८ मिलिमोलर असतं, तिथून ते खाली कुठे शून्याला टेकतं आणि सल्फाईड कुठे सगळ्यात फुगतं, तो पट्टा रंगवून ठेवा. तुमचे ॲनमी बहुतेक तिथेच आहेत. अजून एक पण डीएनए काढलेला नाही आणि कुठे बघायचं ते कळलं. सल्फेट खाली जाताना कमीच होत नाहीये, तर तुम्ही सीपवर नाहीच आहात किंवा किडे-शिंपल्यांनी पाणी आत ओढलंय.

डीएनए

पिस्टनवर कोअर खालून वर ढकलत एक किंवा दोन सेंटीमीटरच्या चकत्या कापा. चकतीचा कडेचा अर्धा सेंटीमीटर टाकून द्या, ट्यूब आत जाताना वरचा गाळ भिंतीला घासत खाली गेलेला असतो, तो घेतला तर १५ सेंटीमीटरवर पण बेगियाटोआ सापडेल. मधला गाळ स्वच्छ चमच्याने, दर थराला नवा चमचा, थेट द्रव नायट्रोजन किंवा उणे ८० मध्ये. उणे २० वर समाधान मानू नका.

गाळातून डीएनए काढणं कटकटीचं आहे, कण डीएनएला चिकटून बसतात आणि ॲनमीचे पुंजके सहजासहजी फुटत नाहीत, त्यामुळे मण्यांनी घुसळून फोडायची पायरी वगळू नका, पण लांब तुकडे वाचायचे असतील तर घुसळणं कमी. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) झाला नाही तर लगेच डीएनए नाही असं म्हणू नका, दहापट पातळ करून परत लावा, बऱ्याचदा गाळातली ह्युमिक द्रव्यं, म्हणजे कुजून बनलेले काळपट पदार्थ, अडवत असतात. आणि प्रत्येक बॅचला एक रिकामी ट्यूब, गाळ न घालता सगळ्या पायऱ्या करायच्या, ती पण सीक्वेन्सिंगला पाठवायची. डीएनए काढायच्या किटमधूनच येणारे राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम असले पाहुणे कमी डीएनएच्या खोल थरात एकदम प्रमुख होऊन बसतात.

प्रायमर, म्हणजे पीसीआर जिथून सुरू होतो ते डीएनएचे छोटे तुकडे, निवडताना जुन्या प्रोटोकॉलमधून उचलून लावू नका. सगळ्यांना पकडतात असं म्हणवणारे काही प्रायमर आर्कियांना, खास करून ॲनमी-१ ला, नीट चिकटत नाहीत. कॉम्प्युटरवर आधी जुळवून बघा. सोबत एमसीआरए हे जीन बघा, मिथेन बनवणाऱ्या आणि मिथेन खाणाऱ्या आर्किया दोघांकडे ते असतं, पण अनुक्रमावरून गट ओळखता येतो.

यादी आली की त्यात ॲनमी-१, ॲनमी-२ए-२बी, ॲनमी-२सी, त्यांच्याबरोबर सीप-एसआरबी१ किंवा सीप-एसआरबी२, वरच्या थरात सल्फुरोव्हम, सल्फुरिमोनास, खोल गेलात की जेएस१, अनेरोलिनी, लोकी असली नावं दिसतील. एवढं दिसलं म्हणजे सीप नीट सापडला, शोध लागला नाही. २०१५ मध्ये जगभरातल्या २३ मिथेन सीपची तुलना झाली तेव्हाच दिसलं होतं की मुख्य गट जगभर तेच, मात्र बारीक जातीच्या पातळीवर जो तो आपापल्या गावचा. त्यामुळे ॲनमी आहेत का हा प्रश्नच सोडा, कुठल्या थरात कुठला आहे आणि तिथलं पाणी काय म्हणतंय ते विचारा. तुमच्या रंगवलेल्या पट्ट्यात ॲनमी-२ आणि त्याच्या खाली, सल्फेट संपल्यावर, ॲनमी-१ वाढत जातोय असं दिसलं तर तिथे बोलण्यासारखं काहीतरी आहे. आणि टक्के म्हणजे संख्या नव्हे, एका थरात ॲनमी ६० टक्के दुसऱ्यात ३० याचा अर्थ निम्मे झाले असा होत नाही, एकूण पेशी किती ते क्यूपीसीआरने (प्रती किती ते मोजणारा पीसीआर) किंवा मोजून काढल्याशिवाय बोलू नका. शिवाय थंड गाळात मेलेल्याचा डीएनए पण बराच काळ टिकतो.

डोळ्यांनी बघा

फिश नावाची पद्धत, रंगीत प्रोब लावून पेशी ओळखायची, जुनी झाली म्हणून लोक टाळतात, मला ती सगळ्यात आवडते. जहाजावरच थोडा गाळ २ ते ४ टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये ४ अंशाला दोन-चार तास, रात्रभर तसंच विसरून ठेवू नका, जास्त झालं तर प्रोब आत जात नाही. मग पीबीएसने (फॉस्फेटचं खारं बफर द्रावण) धुवायचं, पीबीएस आणि इथेनॉल निम्मेनिम्मे घालून उणे २० ला. अल्ट्रासाउंड देऊन कण सुटे करायचे पण जपून, जास्त दिलं तर पुंजकेच फुटतात आणि मग जोड्या कुठून दिसणार. आर्कियाला एक रंग, डेसल्फोसार्सिना गटाला, म्हणजे सल्फेटवाल्या जोडीदारांना, दुसरा. ॲनमी-२ बहुतेक कवचवाल्या गोळ्यात किंवा मिसळलेल्या गोळ्यात दिसतात, ॲनमी-१ चौकोनी टोकांच्या कांड्या, साखळीत, कितीदा तर जोडीदाराशिवाय एकटेच. प्रोब नसताना पण साध्या अतिनील प्रकाशात आर्किया निळसर हिरवे चमकतात, त्यांच्या एफ-४२० या कोएन्झाइममुळे, जहाजावर वेळ जात नसेल तर हे बघत बसा.

बाटल्या

जिवंत आहेत का हे फक्त बाटलीच सांगते. नायट्रोजनच्या चेंबरमध्ये गाळ आणि ऑक्सिजन काढलेलं कृत्रिम समुद्रपाणी मिसळा, सल्फेट २८ मिलिमोलर, थोडं रेझाझुरिन, ते गुलाबी झालं की समजायचं हवा शिरली. एका सेटला वर मिथेन, एकाला नायट्रोजन, एकाला मिथेन आणि मोलिब्डेट, जे सल्फेट रिडक्शन अडवतं, आणि एक सेट ज्यातले जंतू आधीच मारलेले. अंधारात, ४ ते १२ अंशांत, बाटल्या उलट्या ठेवा म्हणजे बुचातून वायू न जाता पाणी आड येतं. दर दोन आठवड्यांनी थोडं पाणी काढून सल्फाईड. मिथेनवाल्यात सल्फाईड चढतंय आणि नायट्रोजनवाल्यात नाही, याच्यासारखं सुंदर दुसरं काही नाही. मिथेनचा दाब वाढवता आला तर वेग पण वाढतो, हायड्रेट रिजच्या गाळावर २००२ मध्ये ते दिसलेलं आहे, पण त्यासाठी दाब सोसणारी भांडी लागतात, काचेच्या बाटलीवर प्रयोग नको.

सल्फाईड १२-१४ मिलिमोलरच्या आसपास पोचलं की वरचं पाणी बदला, नाहीतर स्वतःच्याच कचऱ्यात गुदमरतात. खूप नेमका वेग हवा असेल तर कार्बन-१४ चा मिथेन आणि सल्फर-३५ चं सल्फेट, पण ते किरणोत्सर्गी, परवाना आणि वेगळी जागा लागते, पहिल्याच क्रूझवर त्याच्या नादी लागू नका.

दोन महिन्यांत काही वाढलं नाही म्हणून बाटल्या ओतून देणारे मी बघितलेत. सात महिन्यांत दुप्पट होणारा प्राणी आहे तो. आजवर कुठलाही ॲनमी एकटा, शुद्ध वाढवता आलेला नाही, जे आहेत ते वर्षानुवर्षं पोसलेले जोडीदारासकटचे कल्चर. फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात जागा करा, बाटलीवर ओतू नये असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि लॅब सोडून जाणार असाल तर कुणाला तरी सांगून जा, मिथेन कधी भरायचा ते.

आणि कोअरचा उरलेला गाळ, थरनिहाय, उणे ८० मध्ये. दोन वर्षांनी कुणीतरी विचारतंच की तुमच्याकडे त्या ४–६ सेंटीमीटरचं थोडं शिल्लक आहे का.